आत्याच्या वावराला दिलेलं पाणी

माझ्या आत्याचं तीन एकर वावर मी पाणी देऊन नासवलं. चार ओळींची दुरुस्ती मी त्याबद्दल एकदा छापली होती. पूर्ण गोष्ट आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिताना अजूनही मान वर होत नाही.

माझे वडील अकोल्याच्या एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. खराब निघालेले कागद ते घरी आणत, आई ते कुडाच्या भिंतींना चिकटवी. मी अक्षरं शिकलो ती त्या भिंतींवर. पाटीवर 'ग' काढता येण्याआधी मला 'गुलामगिरी' हा शब्द ओळखता येत होता. नऊ-दहा वर्षांचा असताना मी वस्तीतल्या ओट्यावर उभा राहून पत्रकं वाचून दाखवायचो. पाणवठ्यावरच्या बंदीची पत्रकं, देवळाची, शाळेत वेगळं बसवल्याची. ऐकताना म्हाताऱ्या रडत. मला वाटायचं, जगात दोनच प्रकारची माणसं असतात, पत्रक काढणारी आणि ज्यांच्याविरुद्ध पत्रक काढावं लागतं ती.

पुढे आम्ही धम्म घेतला. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या लोकांनी पडीक सरकारी जमिनींसाठी अर्ज-मोर्चे केले. त्यातली दोन पत्रकं माझी होती. तेव्हा मी अमरावतीच्या कॉलेजात होतो. आत्याला तिच्या गावाच्या शिवेवर तीन एकर मिळाले. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर जमीन नव्हती. आत्या विधवा, मूलबाळ नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वावरात निंदण-वेचणी केलेली. सातबाऱ्याचा कागद हाती आला त्या दिवशी ती वावरात गेली, ढेकूळ उचललं, हातात फोडलं, वास घेतला आणि मला म्हणाली, "पाह्य, हे आपलं."

तिचं गाव पूर्णा नदीच्या बाजूला. तिथली काळी जमीन इतकी सपाट की दोन कोसांवरची बैलगाडी दिसते. आणि त्या सगळ्या पट्ट्यात विहिरी खाऱ्या. हातभर खोल गेलं तरी माती काळी आणि चांगली, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. प्यायला पाणी नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं, ते गोडं. विहिरीचं पाणी गुरांना, धुण्याला, अंगाला. पूर्वी आमच्या लोकांना झिऱ्याला हात लावू देत नसत. वरून ओंजळीत ओतत. आत्यानं ती ओंजळ पंचवीस वर्षं धरली होती.

तिची एक सवय मी लहानपणापासून पाहत होतो. खाऱ्या विहिरीचं उरलेलं पाणी ती नेहमी रस्त्यावर ओतायची, कधीही वावरात नाही. लुगडं धुऊन वावरातून जायचं झालं तर ते पिळून, वर झटकून मग नेई. एकदा मी तिच्या मालकाच्या वावरात हातातली कळशी रिकामी केली तर पाठीत धपाटा बसला.

"काहून मारलं?"

"हे पाणी काळीले लागू देत नाहीत."

"काहून?"

"नाई लागू देत म्हंजे नाई लागू देत. बाटते वावर."

'बाटते' हा शब्द मी विसरलो नाही. ज्याच्या लहानपणावर पाण्याच्या विटाळाची पत्रकं चिकटवलेली होती, त्यानं तो शब्द दुसऱ्या कुठल्या अर्थानं ऐकावा? मी मनाशी ठरवून टाकलं की वरच्यांनी आपल्या डोक्यात इतकं भरलं आहे की आता आपणच पाण्याला विटाळ मानतो आणि जमिनीलाही सोवळ्यात बसवतो.

कॉलेजात माझा विषय वनस्पतिशास्त्र. आमचे प्राध्यापक मेळघाटात सहलीला नेत. धारणीच्या रस्त्यावर ट्रक थांबवून आम्ही लाकडी चौकट जमिनीवर टाकायचो आणि तिच्या आत कोणकोणती झाडं, किती, ते मोजून वहीत लिहायचो. इकॉलॉजीचा धडा तेव्हा नवीनच होता. सजीव आणि त्यांच्या भोवतालचा परिसर यांच्या परस्परसंबंधांचं शास्त्र, ही व्याख्या मी इंग्रजीत पाठ केली होती, घडाघडा म्हणायचो. माती, पाणी, ऊन, कीटक, गवत, सगळं एकमेकांना धरून असतं, एक धागा ओढला तर दुसरा हलतो. हे मला सागाबद्दल पटलं. आत्याच्या वावरालाही लागू होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. वावर हा माझ्यासाठी हक्काचा प्रश्न होता.

जमीन मिळाल्याच्या दुसऱ्या वर्षी आत्याची ज्वारी कमरेच्या वर आली आणि भाद्रपदात पावसानं दडी मारली. कणीस भरायच्या वेळी पानं गुंडाळायला लागली. मी सुटीत गेलो तर आत्या बांधावर बसलेली, तोंड उतरलेलं. आणि तिच्या तुकड्याच्या कोपऱ्यावर, वीस पावलांवर, ती विहीर. चांगली बांधलेली, पाण्यानं भरलेली. जुन्या काळी कुणीतरी बागाइतासाठी खणली आणि सोडून दिली, आता फक्त गुरं पाणी पीत. ती सोडून का दिली, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

"आत्या, मोट लावू."

"हे खारं हाय बाबू."

"ज्वारीला काय चव कळते?"

ती हसली नाही. "काळीले लावत नाहीत."

"कोण लावत नाही? ज्यांनी तुला झिऱ्यावर येऊ दिलं नाही, ते लावत नाहीत. त्यांचं म्हणणं आपण का पाळायचं?"

हे बोललो आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिनं एक गुंडाळलेलं पान बोटांनी उलगडून पाहिलं. मग म्हणाली, "तू शिकला. तुले माहीत." तिच्या आयुष्यात शिकलेला माणूस मी एकटाच होतो.

आत्यासारखाच तुकडा मिळालेल्या एकाची बैलजोडी आणली, मोट भाड्यानं आणली. आम्ही मोटेला ओढायचा नाडा बांधत होतो तेवढ्यात पलीकडच्या वावरातला कुणबी शेतकरी धोतर खोचत बांध ओलांडून आला. पन्नाशीचा माणूस. आत्यानं त्याच्या बापाच्या वावरात निंदण केलं होतं, त्याच्याही.

"बाई, काय करून राहिले?"

मी म्हणालो, "पाणी देतोय."

"ह्या विहिरीचं? नका बाप्पा. हे पाणी वावराले लावू नका. लय झालं तं कनीस जाईन, जाऊ द्या. वावर रायते."

"विहीर सरकारी आहे," मी म्हणालो. "तिला हात लावायला आता कुणाची मनाई नाही."

तो गोंधळला. "हात लावाले कोन नाई म्हनते? मी काळीचं म्हनून राहिलो."

"आधी माणसं बाटायची, आता जमीन बाटते. कळलं मला."

त्यानं आत्याकडे पाहिलं. "हे पोट्टं काय बोलून राहिलं बाई?" आणि मग माझ्याकडे, चिडून, "कालेजात मीठ खाऊन पाह्यलं नसन कधी!" बांध ओलांडून निघून गेला. मी मोठ्यानं हसलो. आत्यानं पाठ फिरवली आणि नाड्याची गाठ बांधली.

मोट चालली. मी दारं धरलं, फावड्यानं सरी फोडत पाणी फिरवलं. पायांखाली थंडगार पाणी आणि भोवती तहानलेली ज्वारी. त्या संध्याकाळी मला जितकं मोठं वाटलं तितकं परत कधी वाटलं नाही. आठ दिवसांत पानं उलगडली. शिवारात एक आत्याचं वावर हिरवं, बाकीची पिवळी. मी रात्रीची पॅसेंजर पकडून अकोल्याला गेलो आणि पत्रक लिहिलं. मथळा होता 'विहिरीवर आजही पहारा!' त्यात लिहिलं की अमुक गावी, जमीन मिळालेल्या एका विधवेला पाणी घेण्यापासून अडवण्यासाठी शेजारच्या जमीनदारानं विटाळाची जुनी कहाणी नव्या वेषात सांगितली. नाव लिहिलं नव्हतं. गाव लिहिलं होतं, आणि विहिरीच्या पूर्वेचं वावर लिहिलं होतं. वडिलांनी ते जुळवलं. मी बाजाराच्या दिवशी वाटलं.

दोन दिवसांनी तो शेतकरी आत्याच्या झोपडीसमोर उभा राहिला. हातात पत्रक. त्याला वाचता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं होतं. तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही.

"बाई, म्या तुमाले पान्याले मनाई केली?"

आत्या म्हणाली, "नाई."

"मंग हे काय हाय?"

आत्या माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "तुमच्या घरानं आम्हाला झिऱ्यावर येऊ दिलं नाही, हे खोटं आहे का?"

"खरं हाय," तो लगेच म्हणाला. "माह्या बापानं येऊ देल्लं नाई. म्याबी पाह्यलं, बोललो नाई. ते लिवा ना. शंभरदा लिवा. हे काहून लिवलं?"

मी त्यावर भाषण केलं. शोषण, परंपरा, मानसिकता, सगळे शब्द होते त्यात. तो शेवटपर्यंत उभा राहून ऐकत होता. मग पत्रकाची नीट घडी घालून त्यानं ते टोपीत ठेवलं आणि गेला. आत्या म्हणाली, "त्याची पोरगी सासरी हाय, तू हे वाटलं त्याच बाजाराच्या गावात." आणि ती चुलीपाशी गेली.

ज्वारी निघाली. दाणा बारीक होता, पण निघाली. मी जिंकलो होतो. मग आत्याला म्हणालो, आता वावर रिकामं का ठेवायचं, पाणी आहे ना. हिवाळ्यात वांगी लावली, मिरची, कांदा. वैशाखापर्यंत मोट चालू होती. मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या, तर मी म्हणालो उन्हानं. वाफ्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागलं, तर मी म्हणालो खत आहे. आत्यानं बोट लावून चाटलं. त्याच उन्हाळ्यात माझी परीक्षा झाली. परिसर आणि वनस्पती यांचा संबंध सोदाहरण स्पष्ट करा, असा प्रश्न होता. मी खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झाडांचं उदाहरण दिलं. समुद्रकाठची झाडं, खारफुटी. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

पाऊस लागला. मला आत्याचा निरोप आला, 'येऊन जाय.'

तिच्या वावरात पाणी उभं होतं. चहूकडच्या वावरांनी पाऊस पिऊन टाकला होता, पायांना चिखल चिकटत होता, आणि आत्याच्या तुकड्यात गुडघ्याखाली गढूळ पाणी, तळ्यासारखं. मी हात घालून माती उकरली. वर दोन बोटं रबडी, खाली कोरडी, दगडासारखी. पाणी आत जातच नव्हतं. पेरलेली ज्वारी कुजली. उन्हानं पाणी आटलं तर वर पापडी धरली, पांढरट, आणि पायाखाली ती खापरासारखी मोडत होती. आत्यानं पुन्हा पेरलं. पुन्हा गेलं.

भाद्रपदात मी कॉलेजातली लाकडी चौकट मागून नेली. कशासाठी नेली ते धड सांगता येत नाही. बहुधा मला कुणीतरी शिक्षा करायला हवी होती आणि दुसरं साधन माहीत नव्हतं. आधी पलीकडच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, चौकट टाकली. गवताचेच पाच प्रकार, एक रानमूग, मुंग्यांचं वारूळ, गांडुळाची माती, दोन नाकतोडे. लिहिता लिहिता पान भरलं. मग आत्याच्या वावरात टाकली. एकच तण. बुटकं, राखट पानांचं. पान चाटलं तर खारट. मुंगी नाही. गांडूळ नाही. एका ओळीत संपलं. आत्या धुऱ्यावर उभी राहून पाहत होती.

"काय मोजून राहिला?"

"झाडं."

"हाय का काही?"

मी वही मिटली.

ती माती फडक्यात बांधून मी अकोल्याच्या शेतकी महाविद्यालयात नेली. तिथल्या एका शिक्षकांनी ती पाण्यात टाकली. पाणी गढूळ झालं ते निवळेचना. "कुठली?" त्यांनी विचारलं. सांगितलं. "विहिरीचं पाणी दिलं?" मी मान हलवली. त्यांनी टेबलावर बोटानं दाखवत मला समजावलं. त्या पट्ट्यात मीठ जमिनीच्या पोटात आहे. दरसालचा पाऊस वरून झिरपतो आणि त्याला खालीच दाबून ठेवतो. वरच्या हातभर मातीत ज्वारी, तूर, हरभरा, गवत, गांडूळ, मुंग्या, सगळ्यांचा संसार चालतो तो या पावसाच्या आसऱ्यानं. "तुम्ही खालचं मीठ मोटेनं उपसून त्या संसारावर ओतलं. त्यानं काळ्या मातीचे कण विस्कटतात, भोकं बुजतात. मग पाणी आत जात नाही, हवा जात नाही. तिथले लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

खिडकीबाहेर एक माळी वाफ्याला पाणी देत होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. खरं उत्तर असं होतं की सांगणाऱ्याची जात पाहिली आणि सांगितलेलं ऐकलं नाही. हे जे आमच्या लोकांच्या बाबतीत शेकडो वर्षं झालं, ते मी एका दुपारी, हसत हसत, केलं. आणि त्याच्या आधी, कळशी ओतली तेव्हा, आत्या बोलली तर तिला अडाणी समजलो. तिला कारण सांगता येत नव्हतं. तिच्याकडे 'बाटते' हा एकच शब्द होता, कारण पाण्यानं काही बिघडतं हे सांगायला तिला आयुष्यानं दुसरा शब्द दिलाच नव्हता. निदान तो शब्द तिला कुणी दिला हे मला कळायला हवं होतं.

छापखान्यात जाऊन वडिलांना कागद दिला. चार ओळी होत्या. विहिरीबद्दल लिहिलेलं खोटं होतं, शेजाऱ्यानं दिलेला सल्ला योग्य होता, चूक लिहिणाऱ्याची होती, झिऱ्यावरची जुनी बंदी मात्र खरी होती. वडील चष्मा वर करून वाचत राहिले.

"आधीचं जुळवलं तेव्हा मी तुला विचारलं नाही, खरं आहे का म्हणून," ते म्हणाले. "आपल्या बाजूचं आहे, एवढं पाहिलं." मग खिळे घ्यायला वळले.

बाजारात वाटलं. लोकांनी घेतलं, घड्या घातल्या. एका बाईनं माझ्यासमोर त्यात फुटाणे बांधले. मग त्या शेतकऱ्याच्या अंगणात गेलो आणि उभ्यानं वाचून दाखवलं. तो दोरी वळत होता.

"वाटलं का हे?"

"वाटलं."

"पह्यलं सगळ्यायनं वाचलं. हे कोन वाचते बाप्पा?" दोरीला पीळ देत तो म्हणाला. मग, "बाईले सांगजो, उद्यापासून निंदाले ये म्हना. माह्याकडं कापसाच्या पराटीत गवत झालं."

म्हणजे आत्या परत दुसऱ्याच्या वावरात. तीन एकर नावावर असून. मी हा निरोप सांगितला तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं "हाव, जाईन" म्हटलं.

त्या रविवारी आम्ही दोघं वावरात गेलो. शिक्षकांनी सांगितलेलं मी तिला सांगितलं. जिप्सम टाकायचं, बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते हळूहळू जिरू द्यायचं, आणि विहिरीकडे बघायचं नाही.

"किती वर्सं?"

"पाच. कदाचित सात-आठ."

ती वावराकडे बघत उभी राहिली. तिचं वय तेव्हा साठीच्या पुढे असावं. तिलाही नक्की माहीत नव्हतं. मी तिच्या शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या तिला उत्तम येत.

"मंग मी काही पेरत नाई ह्याच्यात आता," ती म्हणाली. "बांध मी घालीन. पेरजो तू."

"मला तिफण धरता येत नाही आत्या."

"शीक मंग. एवढं शिकला, हे नाई येनार?"

यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, अजूनही. मी फावडं घेतलं. दिवस मावळेपर्यंत दहा-बारा हात बांध झाला, तोही वाकडा, आणि माझ्या तळव्यांना फोड आले. तिनं मागून येऊन तो पायानं दाबत नेला.

याला तीन पावसाळे झाले. मी अकोल्यात नोकरीला आहे, रविवारी जातो. पाणी पूर्वीइतकं उभं राहत नाही. बांधाच्या आतल्या अंगाला हराळी आली आहे, बाकी तेच राखट तण. आत्या अजून त्या शेतकऱ्याकडे निंदायला जाते. यंदा मृगात त्यानं मला त्याच्याच वावरात तिफणीमागे चालवलं. माझी ओळ वाकडी गेली, मधे बी तुटलं, अख्ख्या शिवाराला ते दसऱ्यापर्यंत दिसणार होतं. मी मागे वळून पाहिलं. तो काही बोलला नाही, त्यानं बैल वळवून दिले. बोलला असता तर बरं वाटलं असतं.